गालफुग्यांचा चहा

परतवाड्यात हुसेनभाईंना दोन कामांसाठी बोलावणं यायचं. एक लग्नात ट्रंपेट वाजवायला आणि दुसरं गाडीच्या टाकीतून नळीने डिझेल ओढायला. दोन्हीला दम लागतो आणि दम म्हणजे हुसेनभाई, हे गावात ठरूनच गेलं होतं. एकात हवा बाहेर टाकायची, दुसऱ्यात आत घ्यायची, एवढाच काय तो फरक. कुणाची जीप रस्त्यात बंद पडली, कुणाला टाकीतलं डिझेल कॅनमध्ये काढायचं असलं, की हुसेनभाईंना निरोप जाई. ते नळी तोंडात धरत, डोळे मिटत आणि एका ओढीत डिझेल कॅनमध्ये पाडत. बघणारे वाहवा करत. त्यांची बायको शकीला मात्र कपाळाला हात लावायची.

"अल्लानं तुमाले फेफडं देलं ते बाजा वाजवाले देलं का गावाच्या टाक्या उपसाले?" ती विचारायची.

हुसेनभाई मिशीत हसायचे. खरं सांगायचं तर त्यांना या दुसऱ्या कीर्तीचा अभिमान पहिलीपेक्षा जरा जास्तच होता. ट्रंपेट वाजवणारे गावात आणखी सापडले असते. एका ओढीत डिझेल आणणारा दुसरा नव्हता.

त्यांचा न्यू मेहताब बँड होता. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर तुऱ्याची टोपी. बघणाऱ्याला वाटे, केवढा मोठा बँड. आतली गोष्ट अशी, की त्यातले निम्म्याहून जास्त लोक काहीच वाजवत नसत. ते दिवस कापसाचे वाईट होते. कापसाचा भाव पडला म्हणून लग्नं थांबत नाहीत, पण लग्नातलं एकेक गळायला लागतं. आधी घोडा गळाला आणि नवरदेव जीपच्या बॉनेटवर बसू लागला. मग फटाके गळाले. मग बँड अर्धा झाला. पण अर्धा बँड दारात उभा केला तर व्याही काय म्हणतील? म्हणून गावोगावच्या बँडवाल्यांनी तोड काढली. वाजवणारे मोजके ठेवायचे आणि बाकीचे कोट घालून, हातात वाद्य देऊन नुसते उभे करायचे. त्यांनी गाल फुगवायचे, बोटं हलवायची, डोलायचं. आवाज काढायचा नाही. हुसेनभाई त्यांना गालफुगे म्हणत.

गालफुग्यांत सगळ्यांत जुने नत्थुजी. ते आधी कापसाच्या जिनिंग कारखान्यात रुईच्या गाठी उचलत. जिनिंग बंद पडलं आणि नत्थुजी बँडमध्ये आले. त्यांच्या हातातल्या क्लॅरिनेटला पत्तीच नव्हती, त्यामुळे चुकून फुंकर गेली तरी धोका नव्हता. पण नत्थुजी गाल असे मन लावून फुगवत, की बायका त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणत, तो म्हातारा काय सुरेख वाजवतो.

ढोल श्रावणकडे होता. श्रावण म्हणजे हुसेनभाईंचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याची मुलगी ज्योत्स्ना तान्ही असताना रात्रंदिवस रडायची आणि हुसेनभाईंनी ट्रंपेट तोंडाला लावला की गप्प व्हायची. इतर लेकरं ज्या आवाजाने दचकून उठत, त्या आवाजाने ही झोपायची. तेव्हाच हुसेनभाईंनी श्रावणला शब्द देऊन टाकला होता, "हिच्या पाठवणीले मीच वाजवीन. दुसऱ्या कोणाले बोलावजो नोको." ती तान्ही ज्योत्स्ना आता तेल्हाऱ्याच्या शाळेत शिकवत होती, तिथलाच मुलगा तिने पसंत केला होता आणि लग्न मे महिन्यात परतवाड्याला ठरलं होतं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत ते डिझेलचं प्रकरण झालं.

एक वरात ऐन चौकात असताना जनरेटर बंद पडला. डोक्यावर ट्यूबलाइट घेतलेल्या बायका अंधारात उभ्या राहिल्या. जनरेटरातलं डिझेल संपलं होतं आणि नवरदेवाच्या जीपमध्ये ते भरपूर होतं. बॉनेटवर नवरदेव बसलेलाच होता, त्याला न उठवता हुसेनभाईंनी टाकीत नळी घातली. सगळी वरात भोवती गोळा झाली. त्यांनी डोळे मिटले, ओढ घेतली, डिझेल नळीतून वर आलं आणि नेमकं त्याच क्षणी नवरदेवाचे मामा खुशालराव यांना आनंद आवरेना. त्यांनी "वा उस्ताद" म्हणून हुसेनभाईंच्या पाठीत एक सणसणीत थाप दिली.

डिझेल कॅनमध्ये जायचं ते हुसेनभाईंच्या श्वासनळीत गेलं. ते खोकत खोकत रस्त्यावरच बसले. जनरेटर मात्र सुरू झाला आणि खुशालरावांनी त्याचं श्रेयही थापेलाच दिलं.

दुसऱ्या दिवशी ताप भरला, छातीत उजवीकडे दुखायला लागलं आणि चार पावलं चाललं तरी धाप लागू लागली. श्रावणने त्यांना बसमध्ये घालून अकोल्याला जठारपेठेत डॉक्टर सुगत वानखडे यांच्याकडे नेलं. बसमध्ये शेजारच्या माणसाने बिडी काढली, हुसेनभाईंच्या श्वासातला डिझेलचा वास त्याच्या नाकाला लागला आणि त्याने बिडी मुकाट्याने परत खिशात ठेवली.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात मोठा पांढरा डाग होता.

"हुसेनभाई, तुम्ही सर्कसमध्ये तोंडातून जाळ काढता का?"

"नाई साहेब. बँड हाय माहा."

"हा आजार जाळ काढणाऱ्यांना होतो. रॉकेल, डिझेल चुकून फुफ्फुसात उतरलं की."

मग त्यांनी हुसेनभाईंच्या बोटाला चिमट्यासारखं यंत्र लावलं, त्यावरचा आकडा पाहून मान हलवली, नाकाला ऑक्सिजनची नळी लावली आणि त्यांना दवाखान्यातच ठेवून घेतलं. डॉक्टर तरुण होते आणि पेशंटला सगळं समजावून सांगायची त्यांना हौस होती. पलंगाजवळ स्टूल ओढून ते म्हणाले, "श्वासातली हवा फुफ्फुसात येते आणि रक्त ती घ्यायला येतं. तुमच्या या डागाच्या भागात हवा शिरत नाही. एरवी असं झालं, की तिथल्या रक्तवाहिन्या आपोआप आवळतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळतं. पण इथे जखम आहे, सूज आहे. ही सूज अशी काही द्रव्यं तयार करते, की त्या वाहिन्या उघड्याच राहतात. रक्त बिचारं तिथे जातं आणि हवा न घेता तसंच परत येतं. म्हणून तुम्हाला धाप लागते."

हुसेनभाई म्हणाले, "म्हंजे गालफुगे."

"काय?"

"साहेब, आमच्या बँडात काई लोक हायेत, वाजवत नाई, नुसते गाल फुगवतेत. पण चहाची केटली निंगाली का पयले त्याईच्याकडे जाते. सारा चहा तिकडे जाते अन् तिकून सूर काई निंगत नाई."

डॉक्टर खूश झाले. "अगदी बरोबर. आता मी देतोय ती सूज उतरवणारी गोळी. ताप आणि दुखण्यासाठी देतोय. पण तिची एक गंमत आहे. सुजेची ती द्रव्यं ती तयारच होऊ देत नाही. मग वाहिन्या पुन्हा आवळतात आणि रक्त तुमच्या वाजवणाऱ्या भागाकडे जायला लागतं. कुत्र्यांवर प्रयोग झालेत, त्यांच्यात हे दिसलंय. माणसात हमखास असंच होईल, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. आणि उपाशीपोटी घेऊ नका, पोट जाळते."

एवढ्यात हुसेनभाईंना मोठी खोकल्याची उबळ आली. डॉक्टर आणखी काहीतरी बोलले, श्रावणने मान डोलावली, पण हुसेनभाईंना खोकल्यात काही ऐकू आलं नाही. उबळ थांबल्यावर कानावर पडलं ते एवढंच, की लग्नसराई संपेपर्यंत जोराने वाजवायचं नाही. हळू, थोडीशी फुंकर चालेल, पण वरात नाही.

"अन् ज्योत्स्नाची पाठवणी?" हुसेनभाईंनी घाबरून विचारलं.

"तेव्हाचं तेव्हा बघू," डॉक्टर म्हणाले. डॉक्टर असं म्हणाले की काय समजायचं, हे हुसेनभाईंना कळत होतं. ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

बोटावरचा आकडा हळूहळू चढला. गोळीने चढला की ऑक्सिजनने की आपसूक, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. हुसेनभाईंनी मात्र सगळं श्रेय गोळीला दिलं. परतवाड्याला आल्यावर ते भेटेल त्याला ही विद्या सांगू लागले. उपाशीपोटी घ्यायची नाही, या अटीचा अर्थ त्यांनी गोळीआधी जिलेबी खावी असा लावला. आणि बसस्टँडजवळ पार्बताबाईच्या चहाच्या दुकानापुढे पडून राहणाऱ्या लाल कुत्र्याला ते रोज बिस्कीट टाकू लागले.

"याच्या जातीनं आपल्या आंधी गोयी घेतली," ते गिऱ्हाइकांना सांगत. "उपकार हायेत त्याईचे."

इथवर सगळं ठीक होतं. पण माणसाला एखादी गोष्ट नीट समजली, असं वाटलं की ती तो दुसऱ्यांवर लावायला निघतो. जे फुफ्फुसाला लागू तेच बँडला लागू, असं हुसेनभाईंनी ठरवलं. त्यांनी स्वतः वाजवायचं बंद केलं होतं, त्यामुळे देखरेखीला वेळच वेळ होता. वरातीत बँडला चहा पार्बताबाई देई. तिला बाजूला घेऊन ते म्हणाले, "पार्बताबाई, आजपासून चहा वाजवणाराले. गालफुग्याले एक थेंब नाई."

"मले काय कळते कोण वाजवते अन् कोण नाई?" पार्बताबाई म्हणाली. "सारेच डोलतेत."

"मानेची शीर पायजो. जो खरा फुंकते त्याची शीर फुगते."

पार्बताबाई हुकमाची पक्की. पुढच्या वरातीत ती केटली घेऊन रांगेतून निघाली आणि एकेकाच्या मानेशी नाक नेऊन बघू लागली. शीर फुगली, चहा. शीर सपाट, पुढे. श्रावणलाही चहा मिळाला नाही, कारण ढोल बडवताना मानेची शीर फुगत नाही. त्याने तिला ढोल दाखवला, काठी दाखवली, पण ती म्हणाली, मले शिरेचंच सांगतलं हाय.

गालफुग्यांनी मग शीर फुगवायचे प्रयत्न सुरू केले. कुणी श्वास कोंडून धरला, कुणी दात आवळले. नत्थुजींनी एका चहासाठी इतका वेळ श्वास कोंडला की ते नवरदेवाच्या जीपवर आडवे झाले. लोकांना वाटलं, म्हातारा सुरात बुडाला. चहा तरीही मिळाला नाही, कारण आडवं झाल्यावर शीर सपाट झाली होती.

श्रावण म्हणाला, "हुसेन, बह्याडपणा करून राहिला तू. एका कप चहानं काय बुडते आपलं?"

"चहाचा सवाल नाई. बँडाची तब्येत सुधरून राहिलो मी," हुसेनभाई म्हणाले.

नत्थुजी वरातीआधी घरून पाणी पिऊन येऊ लागले.

असा मे महिना उजाडला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डाग निम्म्यावर आलाय, पण वरात नाही म्हणजे नाही. हुसेनभाईंनी घरी ट्रंपेट लावून पाहिला. पहिली ओळ निघायची, दुसऱ्या ओळीच्या मध्यावर दम संपायचा आणि पुढे नुसता खोकला वाजायचा. शकीला म्हणाली, तुमचा भाचा साजिद वाजवील, तुमी कोट घालून उभे राहा, कोणाले कळते? हुसेनभाईंना दुसरा मार्ग दिसेना. ज्यांना आजवर हसले, त्यांच्याच रांगेत त्यांना आता उभं राहायचं होतं. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही, आणि त्यामुळे गोळीही घेता आली नाही.

लग्नाच्या दिवशी तेल्हाऱ्याची मंडळी उतरली. साजिद मागच्या रांगेत लपून वाजवत होता आणि पुढे हुसेनभाई ट्रंपेट तोंडाला लावून गाल फुगवत होते. शेजारी नत्थुजी होते. थोड्याच वेळात हुसेनभाईंना कळलं, की नुसते गाल फुगवणं सोपं काम नाही. गाल दुखतात. खऱ्या वाजवण्यात हवा निघून जाते तरी, इथे ती तोंडातच बसते. बोटं सुरावर हलवायची, कुठे थांबायचं ते ऐकत राहायचं, आणि हे सगळं कुणाच्या लक्षात येऊ न देता करायचं.

"गाल दोन्ही बाजूनं सारखा ठेवा," नत्थुजी ओठ न हलवता कुजबुजले. "डावा कमी फुगून राहिला तुमचा."

ऊन चढलं. पार्बताबाई केटली घेऊन आली. ती साजिदच्या मानेशी वाकली, चहा दिला. हुसेनभाईंच्या मानेशी वाकली आणि थांबली.

"तुमी वाजवून राहिले का?" तिने हळूच विचारलं.

"नाई," हुसेनभाई म्हणाले.

"मंग," म्हणून ती पुढे गेली.

हुसेनभाई केटलीकडे पाहत राहिले. घसा कोरडा पडला होता, उन्हाने डोळ्यांपुढे अंधारी येत होती, आणि राग धरावा तर धरायचा कुणावर? नियम त्यांचाच होता. त्यांना स्वतःची शरम वाटली. नत्थुजी महिनोन्महिने असेच कोरड्या घशाने उभे होते आणि गाल फुगवायचे थांबले नव्हते.

नत्थुजींनी कोटाच्या आतून पाण्याची छोटी बाटली काढली आणि न बघता त्यांच्याकडे सरकवली. हुसेनभाईंनी अर्धी संपवली.

श्रावण आज वधूपिता होता, तरी ढोलावर हात फिरवायला दोन मिनिटं रांगेत आला होता. त्याने हे पाहिलं. "हुसेन," तो म्हणाला, "त्या दिवशी तू खोकलून राहिला होता, तवा डॉक्टर अजून एक गोष्ट बोलले होते."

"काय?"

"म्हणे तो भाग बेकार नाई झालेला. आजारी हाय. रक्त थोडं कमी गेलं तरी तो मरत नाई, आराम करते, अन् हवा शिराले लागली का रक्त आपोआप परत त्याच्याकडे जाते. त्याले कायमचं बंद करून भागत नाई."

"मले आधी काहून नाई सांगतलं?"

"तू ऐकाच्या मूडात कुठी होता? केटली घेऊन मानी मोजून राहिला होता."

संध्याकाळी पाठवणी आली. फुलं लावलेली जीप दारात उभी. साजिदने मागून सूर धरला, हुसेनभाईंनी गाल फुगवले. ज्योत्स्नाचं आईच्या गळ्यात पडून झालं, वडिलांच्या गळ्यात पडून झालं, ती जीपपाशी आली आणि थांबली.

"चाचा," ती म्हणाली, "सकाळपासून आयकून राहिली मी. तुमी नाई वाजवून राहिले."

साजिदचा सूर मध्येच तुटला. सगळी मंडळी हुसेनभाईंकडे बघायला लागली.

"माह्या छातीत डिझेल गेलं बेटा," हुसेनभाई म्हणाले. "दम नाई पुरत."

"मले मालूम हाय. बाबानं सांगतलं. पुरे तेवढंच वाजवा. पण तुमी वाजवा. नाई तर मी गाडीत बसत नाई."

हुसेनभाईंनी साजिदला हाताने थांबवलं, ट्रंपेट नीट धरला आणि फुंकर घातली. पहिली ओळ निघाली. थोडी फाटकी, पण त्यांचीच. मग दम संपला. ट्रंपेट ओठाला तसाच आणि सूर गायब. त्यांनी बाजूला मान वळवून खोकून घेतलं. तेवढ्यात नत्थुजी एक पाऊल पुढे आले, गाल टम्म फुगवून, बोटं हलवत, डोळे मिटून डोलू लागले. त्यांच्यामागे सगळे गालफुगे डोलू लागले. आवाज शून्य, पण अख्खा बँड वाजवतोय असं दिसत होतं. जणू गाण्यात ही जागा मुद्दामच सोडली होती. हुसेनभाईंनी श्वास घेतला, दुसरी ओळ अर्धी वाजवली, पुन्हा खोकले. गालफुगे पुन्हा डोलले.

तेल्हाऱ्याच्या मंडळींना वाटलं, ही अमरावतीकडची नवी चाल असावी. नवरदेवाचे काका तर त्या रिकाम्या जागेतच नाचायला लागले आणि सूर सुरू झाला की थांबू लागले. श्रावण ढोल पोटाशी धरून रडत होता आणि हसत होता. ज्योत्स्नाला दोन्ही एकदमच येत होतं. तिने शेवटची ओळ खोकल्यासकट ऐकली, वाकून हुसेनभाईंच्या पायाला हात लावला आणि गाडीत बसली.

जीप गेली. हुसेनभाई ओट्यावर बसले. धाप लागली होती, छातीत उजवीकडे थोडं दुखत होतं, आणि इतकं बरं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. पार्बताबाई केटली घेऊन आली. त्यांच्या मानेशी वाकली, शीर दोरीसारखी वर आलेली पाहिली आणि कप भरायला लागली.

"पयले नत्थुजीले द्या," हुसेनभाई म्हणाले. "मंग बाकीच्याईले. मले शेवटी."

"अन् शिरेचं?"

"शिरेचं राहू द्या आता."

पण पार्बताबाईची सवय मोडली नव्हती. ती नत्थुजींच्या मानेशी वाकली. इतका वेळ श्वास कोंडून गाल फुगवल्याने त्यांची शीर हुसेनभाईंच्यापेक्षा जाड फुगली होती. तिने काही न बोलता त्यांचा कप काठोकाठ भरला.